मूळ प्रतीशी पडताळून पाहिले

न वाचलेलं पुस्तक 'वाचलंय' म्हणून सांगणं हा तसा काही फार मोठा गुन्हा नव्हे. निम्मी साहित्यचर्चा त्याच भांडवलावर चालते. पण माझी केस जरा निराळी आहे. जे पुस्तक मी वाचलंय म्हणून छातीठोक सांगितलं, ते मी वाचलं नव्हतं हे खरं. पण ते मला तोंडपाठ होतं हेही खरं. आणि जे तोंडपाठ होतं ते त्या पुस्तकात नव्हतंच, हे सगळ्यात खरं. या तीन खऱ्यांची बेरीज कशी जुळवायची हे कॉमर्सला शिकवत नाहीत.

झालं ते असं. नोव्हेंबर हा आम्हा बँकवाल्यांचा यात्रेचा महिना. गावातले झाडून सगळे पेन्शनर आपण अजून हयात आहोत हे सिद्ध करायला शाखेत येतात. पूर्वी माणूस समोर उभा राहिला आणि त्याने सही केली, की तो जिवंत आहे असं आम्ही समजत असू. आता यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो. आणि जन्मभर खडू धरून ज्या अंगठ्याच्या रेघा झिजल्या, त्या यंत्राला काही केल्या दिसत नाहीत. एक निवृत्त प्राध्यापक माझ्या काउंटरवर पाचव्यांदा अंगठा टेकवत होते आणि यंत्र पाचव्यांदा त्यांना नाकारत होतं.

"काय म्हणतंय?" सरांनी विचारलं.

"मॅच होत नाही म्हणतंय, सर."

"म्हणजे मी मी नव्हेच?"

"तुम्ही तुम्हीच आहात हो सर, पण यंत्राच्या मते—"

"वा! म्हणजे अगदी या पुस्तकातल्यासारखंच झालं," असं म्हणून त्यांनी पिशवीतून, पासबुक आणि कोथिंबिरीच्या जुडीच्या मधून, एक इंग्रजी कादंबरी काढली. "जॅस्पर फोर्डची 'द एअर अफेअर'. वाचून बघा. तुम्ही 'जेन एअर' वाचलंय ना? ते वाचलेलं असेल तरच यात मजा."

"वाचलंय म्हणजे काय सर! लहानपणापासून!"

सरांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. काउंटरच्या आतल्या माणसाकडे बाहेरच्या माणसाने आदराने पाहावं, असा प्रसंग माझ्या नोकरीत त्याआधी एकदाच आला होता, आणि तेव्हा त्या गृहस्थांचा चष्मा घरी राहिला होता. तेव्हा मी पुस्तक घेतलं. सहाव्या खेपेला यंत्रानेही सरांना जिवंत मानलं.

आता 'लहानपणापासून' हे मी उगाच म्हटलं नव्हतं. माझा इंग्रजी साहित्याशी संबंध 'डिअर सर'ने सुरू होतो आणि 'युअर्स फेथफुली'ने संपतो हे मान्य आहे. पण माझी थोरली बहीण इंग्रजी घेऊन बी.ए. झाली आहे. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. 1991 सालच्या एप्रिलमध्ये, माझी चौथीची परीक्षा आटोपली होती आणि रोज रात्री दिवे जात होते, तेव्हा गच्चीत सतरंजीवर पडून ताईने मला 'जेन एअर' सांगितलं होतं. रोज थोडं थोडं, हप्त्याहप्त्याने. ती पोरकी जेन, तिला लाल खोलीत कोंडणारी मामी, उपाशी ठेवणारी शाळा, मग तो थॉर्नफील्डचा वाडा, तिरसट रोचेस्टरसाहेब आणि माळ्यावरून रात्री ऐकू येणारं ते हसणं! या हसण्याच्या दिवशी मी ताईला जिन्यापर्यंत सोबत यायला लावलं होतं. मग ऐन लग्नात वकील उभा राहतो, नवऱ्यामुलाची पहिली बायको माळ्यावर जिवंत निघते आणि जेन रातोरात घर सोडते.

आणि शेवट? शेवट तर मला काल ऐकल्यासारखा आठवत होता. जेन एका खेड्यात जाऊन मुलींची शाळा चालवते. तिला काकाचे वीस हजार पौंड मिळतात. त्या पैशातून ती शाळेची मोठी इमारत बांधते. पुढे एक दिवस रोचेस्टरसाहेब घोड्यावर बसून शाळेच्या फाटकाशी येतात, तेव्हा जेन त्यांना सांगते, "भेटण्याची वेळ चार ते पाच." संपलं. यावर मी टाळ्या वाजवल्या होत्या. खोटं बोलणाऱ्या माणसाची अशी जिरवायलाच पाहिजे, असं माझं चौथीतलं मत होतं. ते फारसं बदललेलं नाही.

एवढ्या तयारीनिशी मी फोर्डसाहेबांची कादंबरी उघडली. या फोर्डच्या स्पेलिंगात सुरुवातीला दोन एफ आहेत. आमच्याकडे खातं उघडायला आले असते तर मी त्यांना 'आधी नावातली चूक दुरुस्त करून आणा' म्हणून परत पाठवलं असतं. तसा या माणसाला परत येण्याचा सराव आहे म्हणा. सिनेमाच्या कॅमेऱ्याचा फोकस सांभाळण्याची नोकरी करत तो लिहीत होता, आणि 2001 साली ही पहिली कादंबरी बाहेर येईपर्यंत त्याला प्रकाशकांची शहात्तर नकारपत्रं आली होती. शहात्तर! आमच्याकडे माणूस तिसऱ्या फेरीला मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरतो.

कादंबरीतलं साल 1985, देश इंग्लंड, पण ते आपल्या भूगोलातलं इंग्लंड नव्हे. तिथे 1853 साली सुरू झालेलं क्रिमियाचं युद्ध अजून चालूच आहे. लोक विमानाऐवजी हवाई जहाजातून हिंडतात. घरोघरी कुत्र्यामांजरांच्या जागी, नामशेष झालेले डोडो पक्षी पुन्हा पैदा करून पाळतात. आणि तिथलं सगळ्यात मोठं वेड म्हणजे साहित्य. शेक्सपिअरची नाटकं शेक्सपिअरने लिहिलीच नाहीत, बेकनने लिहिली, हे पटवायला लोक दारोदार फिरतात. 'तिसरा रिचर्ड' या नाटकाला प्रेक्षक संवाद पाठ करून येतात आणि नटांच्या बरोबरीने ओरडतात. आणि साहित्यातले गुन्हे, म्हणजे खोटी हस्तलिखितं, चोऱ्या वगैरे पकडायला पोलिसांचं एक स्वतंत्र खातं आहे. त्या खात्यातली इन्स्पेक्टर ही आपली नायिका. तिचं नाव थर्सडे नेक्स्ट. म्हणजे सरळ मराठीत 'पुढच्या गुरुवारी'. हे वाक्य मी काउंटरवरून दिवसातून दहा वेळा उच्चारतो, पण त्यातून कादंबरी निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

थर्सडेबाईंच्या काकांनी एक यंत्र शोधून काढलेलं असतं. त्यातून माणसाला पुस्तकात शिरता येतं आणि पुस्तकातल्या माणसाला बाहेर काढता येतं. काकू एकदा अशा जातात त्या वर्डस्वर्थच्या डॅफोडिलच्या कवितेतच अडकून पडतात. हे यंत्र एका खलनायकाच्या हाती लागतं. तो डिकन्सच्या 'मार्टिन चझलविट'चं मूळ हस्तलिखित पळवतो आणि त्यातल्या एका किरकोळ पात्राला बाहेर ओढून ठार करतो. त्याबरोबर जगातल्या प्रत्येक प्रतीतून ते पात्र नाहीसं होतं. तुमच्याआमच्या प्रतीत ते आज का नाही, हे आता तुमच्या लक्षात आलं असेलच.

हा मुद्दा इंग्रजीचे प्राध्यापक कसा समजावून सांगत असतील कोण जाणे, पण बँकेतल्या माणसाला तो एका फटक्यात कळतो. पूर्वी प्रत्येक शाखेचं लेजर वेगळं असे. एका शाखेत शाई सांडली तर दुसऱ्या शाखेला त्याचं सोयरसुतक नसे. आता कोअर बँकिंग आहे. मध्यवर्ती सर्व्हरवर एक आकडा बदलला की कोल्हापूरपासून कोहिमापर्यंत सगळीकडे तो बदललेला दिसतो. मूळ हस्तलिखित हा सर्व्हर आणि आपल्या घरातलं पुस्तक ही शाखा. एवढं कळलं की कादंबरी कळली.

तर डिकन्सवर हात साफ झाल्यावर खलनायक 'जेन एअर'कडे वळतो आणि खुद्द जेनलाच पळवतो. आता त्या पुस्तकात 'मी' म्हणून गोष्ट सांगणारीच जेन. ती गेल्यावर सांगणार कोण? पुढची पानं कोरी! सगळ्या देशात हाहाकार होतो. हे वाचताना मी इतका हसलो की सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि "पगारवाढ झाली का?" म्हणून विचारून गेल्या.

तेव्हा पुस्तक मला आवडलं का? आवडलं. मग नाही आवडलं असं काय? तेही आहे.

पहिली तक्रार म्हणजे या गृहस्थांना काही वगळताच येत नाही. डोडो आहेत, तर आहेत. पण त्यावर कालप्रवास करणारा बाप, रक्तपिपासू पिशाच्च, अख्खा देश खिशात घालणारी कंपनी, नायिकेचं मोडलेलं प्रेम आणि पानापानावर नावांच्या कोट्या! भेळेत शेव, चुरमुरे, चटणी ठीक; पण हे गृहस्थ त्यात श्रीखंडही घालतात. वर विचारतात, कसं झालंय?

दुसरी तक्रार जास्त गंभीर. पुस्तकाचं नाव जेनचं, पळवापळवी जेनची, पण जेनच्या तोंडी वाक्यं किती? शोधावी लागतात. रोचेस्टरसाहेब भरपूर बोलतात. ते तर आपल्या कादंबरीत जपानी पर्यटकांनाही फिरवून आणतात. पण जिने मूळ पुस्तकात पहिल्या पानापासून शेवटापर्यंत स्वतः बोलायचा हट्ट धरला, ती इथे बहुतेक वेळ कोणाच्या तरी ताब्यात किंवा पडद्याआड. आमच्याकडे खातेदार बाईंना बाजूला बसवून सगळी चौकशी त्यांचे यजमानच करतात, त्यातला प्रकार.

आणि तिसरी तक्रार शेवटाची. त्या जगातल्या 'जेन एअर'चा शेवट असा, की जेन सेंट जॉन रिव्हर्स नावाच्या कोरड्या धर्मोपदेशकाबरोबर भारतात निघून जाते. आणि हा शेवट सगळ्या वाचकांना सपक वाटत असतो. आता भारतात येणं म्हणजे सपक शेवट, हे वाचून माझ्यातला देशभक्त जागा झालाच. पण खरा भडका पुढे उडाला. आपल्या थर्सडेबाई खलनायकाचा पाठलाग करत कादंबरीत शिरतात, वाड्याला आग लागते, रोचेस्टरची वेडी बायको मरते, साहेब स्वतः आंधळे होतात, आणि मग बाई जाता जाता जेनच्या खिडकीखाली उभ्या राहून रोचेस्टरच्या आवाजात तिला हाका मारतात. जेनला वाटतं, आपल्या माणसाने बोलावलं. ती भारताचा बेत रद्द करते, परत जाते आणि त्याच्याशी लग्न करते. वाचकवर्ग खूश!

मी पुस्तक मिटलं. संतापाने झोप येईना. अहो, विनोद करा, डोडो पाळा, पण दुसऱ्याच्या पुस्तकाचा शेवट परस्पर बदलायचा? जेन भारतात जात नाही हे मलाही ठाऊक होतं; पण म्हणून ती त्या लबाडाशी लग्न करते? आणि शाळा? शाळेचं काय केलंत?

दुसऱ्या दिवशी सर पासबुक भरून घ्यायला आले. मी त्यांना रांगेतून बाजूला घेतलं. "सर, बाकी ठीक आहे. पण शेवट बदलून त्यांचं लग्न लावलं हे काही मला पटलं नाही."

सर हसले. "अहो, तीच तर गंमत! त्यांच्या जगातला चुकीचा शेवट बदलून त्यांनी आपल्या जगातला खरा शेवट आणला. लग्न तर मुळातच आहे. 1847 पासून."

"मुळात?"

"मुळात." सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही लहानपणापासून वाचलंय ना?"

सर्व्हर डाऊन झाल्याचं निमित्त करून मी जागेवर परतलो. सर्व्हर खरोखरच डाऊन होता, पण तो बँकेचा नव्हे.

मग मात्र मी मूळ पुस्तक मिळवलं. माझं सगळं आयुष्य झेरॉक्सवर सह्या करण्यात गेलं आहे. ओरिजिनल दाखवा, झेरॉक्स द्या, आणि मग मी त्यावर शिक्का मारणार, 'मूळ प्रतीशी पडताळून पाहिले'. जगात एक प्रत पडताळायची राहिली होती. अडतीस प्रकरणं, बारीक टाइप, रोज रात्री दहा पानं. शार्लट ब्राँटेबाईंनी हे पुस्तक 'करर बेल' अशा ना बाईच्या ना बाप्याच्या नावाने छापलं होतं, हे मला नव्यानेच कळलं. म्हणजे मूळ अर्जातच नावाची भानगड! खरं हस्तलिखित आज लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे. ते नीट कुलपात असावं, अशी मी मनातल्या मनात प्रार्थना केली.

वाचताना एक विचित्र गोष्ट झाली. ज्या प्रसंगात बर्फाळ रस्त्यावर रोचेस्टरचा घोडा घसरतो, तिथे मी थर्सडेला शोधू लागलो. कारण फोर्डच्या पुस्तकात ती लहानपणी मूळ हस्तलिखित बघायला गेलेली असताना चुकून आत शिरते आणि तिला बघूनच घोडा बुजतो. आता तो घोडा मला साधा दिसेचना. वाड्याला आग लागली तेव्हा तर मी छपरावर पिस्तूल घेतलेली बाई शोधत होतो. म्हणजे या विनोदी माणसाने माझ्या मूळ प्रतीवर कायमची पेन्सिल फिरवून ठेवली. याचा राग यावा की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण एक खरं, त्याने ती फिरवली नसती तर मी मूळ प्रत उघडलीच नसती.

आणि शेवट तोच. सेंट जॉन आहे, जेनला हिंदुस्थानी भाषा शिकायला लावतो आहे, भारतातल्या बदलीची ऑर्डर जवळजवळ निघालेली आहे. मग ती हाक येते, ती परत जाते, आणि शेवटच्या प्रकरणाच्या तोंडालाच आपलं लग्न झाल्याची बातमी वाचकाला देऊन टाकते. शाळेची इमारत नाही, चार ते पाच नाही. वीस हजार पौंड मिळतात, त्यातले पंधरा हजार ती तीन नातलगांना वाटून टाकते. त्यानंतर लगेच शाळाही सोडते.

म्हणजे पुस्तकात घुसून शेवट बदलणारी बाई इंग्लंडात नव्हती. ती आमच्या गच्चीवर, माझ्या शेजारी सतरंजीवर पडली होती.

आता आमच्याकडे परक्या पुस्तकांत घुसण्याची परंपरा मोठी आहे, हे मी जाणतो. आगरकरांनी 1883 साली हॅम्लेटचा 'विकारविलसित'मध्ये चंद्रसेन केला, देवलांनी 1890 साली ऑथेल्लोचा झुंझारराव केला, आणि पु. लं.नी 1975 साली लंडनची एलायझा मंजुळा म्हणून मराठीत आणली. पण ही सगळी मंडळी उजेडात, नाव छापून आत शिरली. दिवे गेलेले असताना चौथीतल्या पोराच्या समोर शेवट बदलणं हा निराळा गुन्हा आहे. थर्सडेबाईंच्या खात्याने ताईला कधीच अटक केली असती.

जानेवारीत मी सोलापूरला गेलो. ताई तिथे दिलेली. मी गेलो तेव्हा ती शेंगाची चटणी कुटत होती.

"ताई, 'जेन एअर'चा शेवट काय गं?"

"करते की लग्न त्या रोचेस्टरशी. का रे?"

"मग मला शाळा का सांगितलीस? चार ते पाच?"

ताईचा हात थांबला. "तुला आठवतंय?"

"पस्तीस वर्षं बरोबर घेऊन फिरतोय. एका प्राध्यापकांसमोर अब्रू गेली."

ताई हसली. मग चटणी पुन्हा कुटायला घेतली आणि कुटता कुटता बोलली. "अरे, मला त्या जेनचा राग आला होता. त्या खेड्यातल्या पोरी बघ. आधी धड अक्षरओळख नाही, त्यांचं बोलणं हिला कळत नाही नि हिचं त्यांना. मग शिकायला लागतात, हिचा लळा लागतो. आणि ही पैसे आल्यावर शाळा सोडते. सोडताना सांगते, दर आठवड्याला येईन, तासभर शिकवीन. पुढे ती हाक येते, आणि ते दर आठवड्याचं गेलं कुठल्या कुठे. त्या पोरींचं पुढे काय झालं, एक ओळ नाही पुस्तकात."

"म्हणून तू शेवट बदललास?"

"बदलला कुठे? तुझ्यापुरता सांगितला." थोडा वेळ ती गप्प राहिली. "मीपण सांगून आले होते ना. सहावी ब ला."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बी.ए. झाल्यावर ताई वर्षभर आमच्या गावातल्या मुलींच्या शाळेत रजेच्या जागेवर शिकवत होती. 1991च्या मे महिन्यात तिचं लग्न झालं. एप्रिलमध्ये ती मला जी गोष्ट सांगत होती, ती लग्नाला महिना उरलेला असताना सांगत होती. मी मात्र रोचेस्टरची जिरली म्हणून टाळ्या वाजवत होतो.

"काय सांगून आली होतीस?"

"दिवाळीत येईन म्हणून. पहिली दिवाळी इकडेच झाली. दुसऱ्या दिवाळीला कडेवर पोर होतं. इथल्या शाळेत अर्ज केला, तर बी.एड. पाहिजे म्हणाले. मग राहिलंच." तिने चटणी बरणीत भरली. "फार काही नाही रे. भावोजी तुझे चांगले आहेत, तक्रार नाही. पण सहावी ब राहिली ती राहिलीच."

भावोजी आतून टीव्ही बंद करून आले. त्यांनी अर्धंच ऐकलं असावं. "काय गं, तुमच्या त्या गोष्टीत मी कोण? रोचेस्टर की तो दुसरा, भारतात जाणारा?"

"तुम्ही पायलट," ताई म्हणाली.

भावोजी एकदम खूश झाले. पायलट हे रोचेस्टरच्या कुत्र्याचं नाव आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

निघताना सरांच्या परवानगीने मी फोर्डची कादंबरी ताईकडे ठेवली. आठ दिवसांनी तिचा फोन आला. बेकनवाल्यांना आणि डोडोला ती खूप हसली होती. "छान आहे रे," ती म्हणाली. "पण एवढी ती बाई पुस्तकात घुसली, पिस्तूल घेऊन घुसली, सगळ्यांना वाचवलं, आणि शाळेकडे फिरकली नाही. म्हणजे एकदा शेवट बदलायला मिळतो, तेव्हासुद्धा लग्नच लावायचं का?"

या एका प्रश्नात माझ्या तिन्ही तक्रारी आल्या. मी मात्र आता पूर्वीसारखा फोर्डवर रागावू शकत नाही. त्या पुस्तकातली खरी नवलाची गोष्ट डोडो किंवा हवाई जहाज नव्हे. एखाद्या पुस्तकातली जेन दिसेनाशी झाली म्हणून सगळ्या देशाने काम टाकून हळहळावं, ही आहे. हसतहसत का होईना, पुस्तकात काय घडतं याची माणसाला इतकी पर्वा असू शकते, हे त्या माणसाने लिहून ठेवलं. तशी पर्वा करणारी एक बाई मी जन्मभर जवळून पाहत होतो, आणि मला ते कळायला शहात्तर नकार पचवलेला एक दोन एफवाला साहेब लागला.

सरांना मी पुस्तक परत केलं तेव्हा त्यांनी विचारलं, "काय मग, एकूण मत काय?"

"संमिश्र, सर."

"चांगलं आहे. पूर्ण अनुकूल मत मी न वाचणाऱ्यांकडूनच ऐकत आलो," सर म्हणाले. ही बोच मी निमूटपणे पोटात घातली.

पुढच्या दिवाळीत ताई माहेरी आली. पाडव्याच्या दिवशी सकाळी मला म्हणाली, "ती शाळा अजून तिथेच आहे का रे?" आम्ही चालत गेलो. इमारतीला नवा रंग होता, एक मजला वाढला होता. फाटक अर्थातच बंद. फाटकावर पाटी होती : 'मुख्याध्यापिकांना भेटण्याची वेळ दुपारी 4 ते 5'. ताईने ती दोनदा वाचली आणि अशी काही हसली की आतून वॉचमन धावत आला.

"सुट्टी आहे, बाई. कोणाला भेटायचं होतं?"

"सहावी ब ला."

वॉचमनने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. शेवटी त्याने, अशा वेळी सगळे सरकारी-निमसरकारी लोक करतात तेच केलं. रजिस्टर पुढे केलं. "नाव लिहा, वेळ लिहा, येण्याचं कारण लिहा."

ताईने नाव लिहिलं, वेळ लिहिली, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'दिवाळीत येईन म्हणून सांगितलं होतं.'

नोकरीच्या सवयीने मी ती नोंद वाकून वाचली. सही जुळत होती. तारखेत थोडा उशीर होता, पण तो आपण चालवून घेतो.